बोस्टन लॅटिन स्कूलमधील प्रवेशप्रक्रिया आणि विद्यार्थी गळती

बोस्टन लॅटिन स्कूल ही अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील बोस्टन शहरात असलेली, निवडीच्या आधारे प्रवेश देणारी सार्वजनिक माध्यमिक शाळा आहे. तिची स्थापना २३ एप्रिल १६३५ रोजी झाली. ती अमेरिकेतील सर्वांत जुनी सार्वजनिक शाळा मानली जाते. हार्वर्ड महाविद्यालयाची स्थापना तिच्यानंतर एका वर्षाने झाली. शाळेत सातवी ते बारावीचे वर्ग भरतात. प्रवेश मुख्यतः सातवीत आणि त्याहून कमी प्रमाणात नववीत दिला जातो. विद्यार्थिसंख्या सुमारे २,४०० असून शिक्षण विनामूल्य आहे. प्रवेशासाठी बोस्टन शहराचा रहिवासी असणे बंधनकारक आहे.

कोणाला प्रवेश द्यावा आणि प्रवेश मिळालेल्यांपैकी किती जण शेवटपर्यंत टिकतात, हे दोन प्रश्न या शाळेच्या इतिहासात एकमेकांत गुंतलेले आहेत. प्रवेशाचे नियम सैल होते तेव्हा निवड शाळेच्या आत, नापास करण्याच्या मार्गाने होत असे. प्रवेश परीक्षा आल्यावर निवडीचा मोठा भाग शाळेच्या दारावर होऊ लागला. १९७० च्या दशकापासून या नियमांवर अनेक न्यायालयीन लढे झाले असून २०२० नंतर त्यांत मोठे फेरबदल करण्यात आले.

संज्ञा

मराठीत 'गळती' हा शब्द प्रामुख्याने शिक्षण अर्धवट सोडून देणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वापरला जातो. निवडक शाळांच्या संदर्भात त्याचा अर्थ थोडा वेगळा आहे. अशी शाळा सोडणारा विद्यार्थी बहुधा शिक्षण सोडत नाही, तर शहरातील दुसऱ्या सार्वजनिक शाळेत, खासगी शाळेत किंवा उपनगरातील शाळेत जातो. त्यामुळे गळतीच्या आकड्यात अभ्यास न झेपल्याने गेलेले, कुटुंबाच्या स्थलांतरामुळे गेलेले आणि स्वेच्छेने दुसरी शाळा निवडलेले असे तिन्ही प्रकारचे विद्यार्थी एकत्र मोजले जातात. केवळ या आकड्यावरून शाळेच्या गुणवत्तेविषयी किंवा विद्यार्थ्यांच्या कुवतीविषयी निष्कर्ष काढणे त्यामुळे अवघड ठरते.

प्रारंभीचा काळ

शाळेचा मूळ अभ्यासक्रम लॅटिन आणि ग्रीक या अभिजात भाषांवर आधारलेला होता. महाविद्यालयात, विशेषतः हार्वर्डमध्ये, जाऊ इच्छिणाऱ्या मुलांची तयारी करून घेणे हा तिचा हेतू होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी जॉन हॅनकॉक, सॅम्युएल ॲडम्स, रॉबर्ट ट्रीट पेन, विल्यम हूपर आणि बेंजामिन फ्रँकलिन हे पाच जण या शाळेत शिकले होते.

यांपैकी फ्रँकलिन हे शाळा अर्ध्यावर सोडणाऱ्या विद्यार्थ्यांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. वयाच्या आठव्या वर्षी, १७१४ मध्ये, ते शाळेत दाखल झाले आणि लवकरच वर्गात अव्वल आले; मात्र वर्षभराच्या आतच त्यांच्या वडिलांनी त्यांना शाळेतून काढले. मेणबत्त्या आणि साबण बनवणाऱ्या, मोठे कुटुंब असलेल्या वडिलांना महाविद्यालयाचा पुढील खर्च परवडणारा नव्हता, असे फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. लेखन व अंकगणित शिकवणाऱ्या दुसऱ्या शाळेत काही काळ घालवून वयाच्या दहाव्या वर्षी त्यांचे औपचारिक शिक्षण संपले. पुढे त्यांनी मृत्युपत्राद्वारे बोस्टनच्या विनामूल्य शाळांतील गुणवंत विद्यार्थ्यांना रौप्यपदके देण्यासाठी १०० पौंडांची रक्कम ठेवली. शाळेची जुनी इमारत जेथे होती त्या स्कूल स्ट्रीटवरील जुन्या नगरभवनासमोर १८५६ पासून त्यांचा पुतळा उभा आहे.

शाळेच्या आत होणारी निवड

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयर्लंड, इटली आणि पूर्व युरोपातून आलेल्या स्थलांतरितांची मुले शाळेत मोठ्या संख्येने येऊ लागली. प्रवेशाची अट तेव्हा आजच्याइतकी कठोर नव्हती. परंतु दररोजचा गृहपाठ, लॅटिनची सक्ती आणि वारंवार होणाऱ्या चाचण्या यांमुळे पहिल्या एक-दोन वर्षांतच बरीच मुले शाळा सोडत. 'डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा. तुमच्यापैकी एक जण शेवटी येथे नसेल' अशा आशयाचे स्वागताचे भाषण पिढ्यान्‌पिढ्या माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींत येत राहिले.

१९३२ मध्ये उत्तीर्ण झालेले पत्रकार थिओडोर व्हाइट यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात या व्यवस्थेचे वर्णन केले आहे. शाळा मुलांना भेदभाव न करता घेत असे आणि तितक्याच समदृष्टीने नापासही करत असे, असा त्यांच्या कथनाचा आशय आहे. या शिस्तीचे समर्थक असे सांगत की, ज्यू किंवा आयरिश कुटुंबातील गरीब मुलाला आडनाव न पाहता हार्वर्डपर्यंत नेणारा हा एकमेव मार्ग होता. टीकाकारांच्या मते, जे गळाले त्यांची नोंद कोणी ठेवली नाही आणि शाळेची कीर्ती केवळ टिकून राहिलेल्यांच्या यशावर उभी राहिली.

पुरेशा विषयांत उत्तीर्ण न होणाऱ्या विद्यार्थ्याने तीच इयत्ता पुन्हा करणे किंवा दुसऱ्या सार्वजनिक शाळेत जाणे हा या व्यवस्थेचा भाग होता. शहरातील इतर शाळांचे शिक्षक त्यामुळे अशी तक्रार करीत की, लॅटिन स्कूल चांगले विद्यार्थी निवडून घेते आणि मागे पडलेल्यांची जबाबदारी इतरांवर सोपवते.

प्रवेश परीक्षा आणि मुलींचा प्रवेश

१९६० च्या दशकात प्रवेश परीक्षेला निर्णायक स्थान मिळाले. शाळा त्या वेळी केवळ मुलांसाठी होती. मुलींसाठी १८७७ मध्ये गर्ल्स लॅटिन स्कूल ही स्वतंत्र शाळा स्थापन करण्यात आली होती. दोन्ही शाळांची परीक्षा एकच होती. परंतु मुलींच्या शाळेतील जागा कमी असल्याने मुलींना मुलांपेक्षा अधिक गुण मिळवावे लागत. 'ब्रे विरुद्ध ली' या खटल्यात संघीय न्यायालयाने १९७२ मध्ये ही तफावत अवैध ठरवली. त्याच वर्षी शाळेत मुलींना प्रवेश मिळू लागला. गर्ल्स लॅटिन स्कूलचेही सहशिक्षणाच्या शाळेत रूपांतर झाले आणि ती पुढे बोस्टन लॅटिन अकॅडमी या नावाने ओळखली जाऊ लागली. या दोन शाळा आणि जॉन डी. ओब्रायंट गणित व विज्ञान शाळा मिळून शहरातील तीन 'परीक्षा शाळा' होतात.

राखीव जागांचा काळ (१९७५–१९९६)

जून १९७४ मध्ये संघीय न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी बोस्टनच्या सार्वजनिक शाळांत हेतुपुरस्सर वांशिक पृथक्करण केले जात असल्याचा निकाल दिला. १९७५ च्या आदेशानुसार परीक्षा शाळांच्या प्रवेशवर्गांत किमान ३५ टक्के विद्यार्थी कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक असावेत, असे ठरवण्यात आले. १९८७ मध्ये विद्यार्थी-वाटपावरील न्यायालयीन देखरेख संपुष्टात आल्यानंतरही शहराने ही तरतूद स्वतःहून चालू ठेवली.

या काळात गळतीचा प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला. दारावरचे नियम बदलले होते, पण शाळेच्या आतील नापास करण्याची जुनी पद्धत मोठ्या प्रमाणात कायम होती. ज्या प्राथमिक शाळांत तयारी कमी झाली होती, तेथून आलेल्या मुलांना सातवीच्या पहिल्याच सत्रात लॅटिन, बीजगणिताची पूर्वतयारी आणि अनेक तासांचा गृहपाठ यांना एकाच वेळी सामोरे जावे लागे. राखीव जागांच्या विरोधकांनी या मुलांच्या गळतीकडे निवड चुकल्याचा पुरावा म्हणून बोट दाखवले. समर्थकांचे म्हणणे असे होते की, प्रवेश देऊन आधार न देणे हीच खरी चूक आहे. पुढील काळात उन्हाळी वर्ग, शिकवणी आणि संक्रमणकालीन साहाय्य यांवर भर देण्यात आला आणि विद्यार्थी गळणे हे कठोर दर्जाचे लक्षण मानण्याची प्रवृत्ती हळूहळू मागे पडली.

वंशनिरपेक्ष प्रवेशाकडे

१९९५ मध्ये राखीव जागांमुळे प्रवेश नाकारल्या गेलेल्या एका श्वेतवर्णीय विद्यार्थिनीच्या वतीने 'मॅकलॉफलिन विरुद्ध बोस्टन स्कूल कमिटी' हा खटला दाखल झाला. १९९६ मध्ये न्यायाधीश गॅरिटी यांनीच तिला प्रवेश देण्याचा आदेश दिला. त्यानंतर शहराने ३५ टक्क्यांची तरतूद मागे घेतली.

तिच्या जागी आलेल्या धोरणात निम्म्या जागा निव्वळ गुणानुक्रमाने आणि उरलेल्या निम्म्या जागा पात्र अर्जदारांमधील वांशिक प्रमाणानुसार भरल्या जात. १९९७ मध्ये नववीच्या ९० जागांसाठीच्या गुणानुक्रमात ९१ व्या स्थानावर असलेल्या एका विद्यार्थिनीच्या वतीने या धोरणाला आव्हान देण्यात आले. 'वेसमन विरुद्ध गिटन्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात जिल्हा न्यायालयाने धोरण ग्राह्य धरले होते. परंतु नोव्हेंबर १९९८ मध्ये पहिल्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ते घटनेतील समान संरक्षणाच्या तत्त्वाशी विसंगत ठरवले.

यानंतर सुमारे वीस वर्षे प्रवेश केवळ दोन घटकांवर दिला गेला: शालेय गुणांची सरासरी आणि खासगी शाळांच्या प्रवेशासाठीही वापरली जाणारी एक प्रमाणित परीक्षा. दोन्हींना समान महत्त्व होते. या काळात लॅटिन स्कूलमधील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. २०१६ मध्ये विद्यार्थ्यांनी शाळेतील वांशिक वातावरणाविषयी समाजमाध्यमांवर मोहीम चालवली. तिच्यानंतर झालेल्या संघीय चौकशीत वांशिक छळाच्या एका प्रकरणात शाळेची कारवाई अपुरी असल्याचे आढळले आणि त्याच वर्षी मुख्याध्यापिकांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये माजी विद्यार्थिनी रेचेल स्केरिट यांची शाळेच्या प्रमुखपदी नियुक्ती झाली. हे पद भूषवणाऱ्या त्या पहिल्या अश्वेत व्यक्ती होत.

अर्जापूर्वीची गळती

हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधक जोशुआ गुडमन आणि मेलनी रुसिन्स्की यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रवेशाच्या आधीच होणारी गळती तपासण्यात आली. राज्य चाचणीत सारखे गुण असलेल्या विद्यार्थ्यांमध्येही कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक विद्यार्थी प्रवेश परीक्षेला बसण्याचे प्रमाण कमी होते. परीक्षेला बसलेल्यांना तुलनेने कमी गुण मिळत आणि लॅटिन स्कूलला पहिली पसंती देण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी होते. परीक्षेचा अभ्यासक्रम सार्वजनिक शाळांत शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमाशी जुळणारा नव्हता आणि अनेक कुटुंबे त्यासाठी खासगी शिकवणी लावत. परिणामी, जे विद्यार्थी कदाचित शाळेत टिकले असते त्यांतील बरेच जण दारापर्यंत पोहोचतच नव्हते. मोफत तयारी वर्ग वाढवणे आणि शाळेच्या वेळेत, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शाळेतच परीक्षा घेणे असे उपाय यानंतर चर्चेत आले.

२०२० नंतरचे बदल

कोव्हिड-१९ च्या साथीमुळे परीक्षा घेणे शक्य नसल्याने ऑक्टोबर २०२० मध्ये बोस्टन स्कूल कमिटीने एका वर्षासाठी प्रवेश परीक्षा स्थगित केली. २०२१ च्या प्रवेशांसाठी तीन परीक्षा शाळांतील २० टक्के जागा संपूर्ण शहरातून गुणांच्या आधारे आणि ८० टक्के जागा टपाल विभागांनुसार भरण्यात आल्या. या वाटपात ज्या विभागांचे मध्यम कौटुंबिक उत्पन्न सर्वांत कमी होते, त्यांना आधी स्थान देण्यात आले. या बदलानंतर प्रवेश मिळालेल्यांत श्वेतवर्णीयांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर, तर आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले.

१४ जुलै २०२१ रोजी कमिटीने दीर्घकालीन धोरण मंजूर केले. त्यातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे होत्या:

• जनगणनेतील छोट्या विभागांची सामाजिक-आर्थिक निकषांवर आठ गटांत विभागणी करण्यात आली. एकपालक कुटुंबे, स्वतःच्या मालकीची घरे, घरी इंग्रजीखेरीज बोलली जाणारी भाषा, प्रौढांचे शिक्षण आणि उत्पन्न हे ते निकष होत.
• प्रत्येक विद्यार्थ्याची स्पर्धा आपल्याच गटातील विद्यार्थ्यांशी ठेवण्यात आली.
• साथकाळ संपल्यावर शालेय गुणांना ७० टक्के आणि नव्या परीक्षेला ३० टक्के महत्त्व देण्याचे ठरले.
• आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांचे प्रमाण ४० टक्के किंवा अधिक असलेल्या शाळांतून येणाऱ्यांना १० अतिरिक्त गुण देण्यात आले. बेघर, सार्वजनिक गृहनिर्माण वसाहतीत राहणाऱ्या किंवा राज्याच्या देखरेखीखालील मुलांना १५ अतिरिक्त गुण देण्यात आले.

या धोरणानंतर शहराच्या संपन्न भागांतील पालकांनी अशी तक्रार केली की, अतिरिक्त गुण न मिळणाऱ्या मुलाने जवळपास पूर्ण गुण मिळवले तरी त्याच्या गटातून लॅटिन स्कूलमध्ये प्रवेश मिळणे दुरापास्त झाले आहे. एकाच गटातील काही मुलांना शाळेमुळे दहा गुण मिळत आणि शेजारच्याच मुलांना ते मिळत नसत, हा आक्षेपाचा मुख्य मुद्दा होता. या तक्रारींनंतर अतिरिक्त गुणांच्या नियमांचा फेरविचार करण्यात आला.

न्यायालयीन आव्हान

२०२१ च्या टपाल विभागनिहाय योजनेविरुद्ध पालकांच्या एका संघटनेने संघीय न्यायालयात दावा दाखल केला. योजना वरकरणी वंशनिरपेक्ष असली तरी तिचा हेतू श्वेतवर्णीय आणि आशियाई विद्यार्थ्यांची संख्या कमी करणे हा होता, असा संघटनेचा युक्तिवाद होता. कमिटीच्या दोन सदस्यांनी एकमेकींना पाठवलेले, शहरातील श्वेतवर्णीय पालकांविषयीचे संदेश उघड झाल्यावर दोघींनीही २०२१ मध्ये राजीनामे दिले. जिल्हा न्यायालयाने तरीही योजना वैध ठरवली. डिसेंबर २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. या दोन्ही गटांना लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणापेक्षा अधिक जागा मिळाल्या असल्याने प्रतिकूल परिणाम सिद्ध होत नाही, असे अपील न्यायालयाने म्हटले. ९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी या नकाराशी असहमती नोंदवली व न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस त्यांच्याशी सहमत होते. न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी स्वतंत्र निवेदनात, ती योजना आधीच बदलली गेली असल्याकडे लक्ष वेधले.

शाळेच्या परिणामाविषयीचे संशोधन

प्रवेशाविषयीच्या वादामागे एक गृहीतक असते: या शाळेत शिकल्याने विद्यार्थ्याचे शैक्षणिक यश वाढते. अर्थतज्ज्ञ अतिला अब्दुलकादिरोलू, जोशुआ अँग्रिस्ट आणि पराग पाठक यांनी बोस्टन आणि न्यू यॉर्कमधील परीक्षा शाळांच्या विदेवर हे गृहीतक तपासले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात, प्रवेशाच्या गुणरेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या विद्यार्थ्यांची तुलना करण्यात आली. या दोन गटांतील एका बाजूला प्रवेश मिळाला होता आणि दुसऱ्या बाजूला नव्हता. अन्यथा ते जवळपास सारखेच होते. पुढील चाचण्यांतील त्यांच्या गुणांत फारसा फरक आढळला नाही.

या निष्कर्षाची मर्यादाही लक्षात घेतली जाते. तो गुणरेषेजवळील विद्यार्थ्यांना लागू होतो. गुणरेषेच्या बऱ्याच वर असलेल्यांविषयी किंवा नियम बदलल्यावर नव्याने प्रवेश मिळणाऱ्यांविषयी तो थेट काही सांगत नाही. मैत्री, वक्तृत्व, माजी विद्यार्थ्यांचे जाळे अशा चाचणीत न मोजता येणाऱ्या गोष्टीही त्याच्या कक्षेबाहेर राहतात. तरीही शाळेच्या यशाचा किती भाग शिकवण्यामुळे आणि किती भाग निवडीमुळे, हा जुना प्रश्न या संशोधनाने आकडेवारीच्या पातळीवर आणला.

इतर शाळांशी तुलना

सॅन फ्रान्सिस्कोतील लॉवेल हायस्कूलमध्ये २०२१ च्या प्रवेशवर्गासाठी गुणवत्तेऐवजी सोडत पद्धत वापरण्यात आली. त्या वर्षीच्या पहिल्या सत्रात नववीतील सुमारे २४ टक्के विद्यार्थ्यांना किमान एका विषयात 'डी' किंवा 'एफ' श्रेणी मिळाली. आदल्या वर्षी हे प्रमाण सुमारे ८ टक्के होते. मात्र साथकाळातील दूरशिक्षणानंतर प्रत्यक्ष वर्गात परतलेली ही पहिलीच तुकडी असल्याने हा फरक केवळ सोडतीमुळे पडला, असे म्हणता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी शालेय मंडळाच्या तीन सदस्यांना परत बोलावले. जून २०२२ मध्ये नव्या मंडळाने ४ विरुद्ध ३ मतांनी गुणवत्ताधारित प्रवेश पुन्हा लागू करण्याचा निर्णय घेतला.

व्हर्जिनियातील थॉमस जेफरसन विज्ञान व तंत्रज्ञान हायस्कूलने २०२० मध्ये प्रवेश परीक्षा रद्द केली आणि प्रत्येक सार्वजनिक माध्यमिक शाळेतील आठवीच्या १.५ टक्के विद्यार्थ्यांसाठी जागा राखल्या. पहिल्याच वर्षी आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांचे प्रमाण १ टक्क्याहून कमी होते ते सुमारे २५ टक्क्यांवर गेले, तर आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे ७३ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर आले. याविरुद्ध लढणाऱ्या पालकसंघटनेत भारतीय वंशाच्या पालकांचाही सहभाग होता. मे २०२३ मध्ये अपील न्यायालयाने हे धोरण वैध ठरवले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

तिन्ही शाळांच्या अनुभवांतून एक समान मुद्दा पुढे येतो. प्रवेशाचा नियम बदलणे मंडळाच्या एका मतदानाने शक्य होते. नव्याने आलेला विद्यार्थी शेवटपर्यंत टिकतो की नाही, हे मात्र पहिल्या वर्षातील शिकवणी, शिक्षकांची अपेक्षा आणि एखाद्या विषयात मागे पडल्यावर मिळणारी दुसरी संधी यांवर अवलंबून राहते. त्यामुळे प्रवेशाच्या आकडेवारीबरोबरच प्रत्येक तुकडीतील किती विद्यार्थी बारावीपर्यंत पोहोचले आणि जे गेले ते का गेले, याची नोंद प्रसिद्ध करण्याची मागणी दोन्ही बाजूंच्या पालकांकडून केली जाऊ शकते, इतका हा मुद्दा उभयपक्षी आहे.

हे सुद्धा पहा

• बेंजामिन फ्रँकलिन
• हार्वर्ड विद्यापीठ
• लॉवेल हायस्कूल
• थॉमस जेफरसन विज्ञान व तंत्रज्ञान हायस्कूल
• अमेरिकेतील सार्वजनिक शिक्षण